दहा व्हिनिअरची मागणी आणि एक टवका: एक प्रकरण अभ्यास

वय 34. काम नोकरभरतीचं, म्हणजे दिवसभर मुलाखती. तक्रार तिच्याच शब्दांत अशी: "डॉक्टर, वरचे दहा दात झाकून टाका. मला माझं हसू बदलायचंय." दुखणं नाही, कीड नाही, हिरड्यांतून रक्त नाही. काय करून घ्यायचं ते ती ठरवूनच आली होती: व्हिनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ आवरण. सोबत मोठी बहीण होती. ओळख पटू नये म्हणून वय आणि कामाचे तपशील थोडे बदलले आहेत. प्रकरण लिहायला तिची संमती आहे.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण तिचा मूळ प्रश्न अगदी खरा होता. लोक दात बघून माणसाबद्दल मत बनवतात, आणि ते मत फक्त दातांपुरतं राहत नाही. पण लोकांची नजर नेमकी कुठे अडकते, याचा तिचा अंदाज पार वेगळ्या जागी गेला होता. उपचार ठरवताना या दोन गोष्टी सुट्या कराव्या लागतात. त्या सुट्या केल्या नाहीत, तर निरोगी दात घासले जातात आणि खटकणारी गोष्ट तशीच राहू शकते.

तक्रार कुठून सुरू झाली

तिचं म्हणणं तीन गोष्टींबद्दल होतं. वरच्या दोन पटाशीच्या दातांमधली रेषा नाकाच्या मधोमध येत नाही, एका बाजूला सरकली आहे. सुळे पिवळे आहेत. आणि मोकळं हसलं की वरची हिरडी दिसते.

हे सगळं जन्मभर होतं तसंच होतं. मग आत्ताच का खटकलं? काही महिन्यांपूर्वी तिने नव्या लोकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं आणि त्याचं रेकॉर्डिंग नंतर पाहिलं. "दात भलत्याच बाजूला गेलेले दिसले. मला वाटलं, लोक रोज हे बघतात?" तेव्हापासून ती ओठ मिटून हसू लागली. हसू आवरलं नाही तर तोंडावर हात. मीटिंगमध्ये जमेल तेव्हा कॅमेरा बंद. बोलतानाही वरचा ओठ खाली ओढून धरायची. हे मला तपासणीआधीच, तिच्याशी बोलतानाच दिसत होतं.

मग तिने एक वाक्य टाकलं, ज्याचं उत्तर कुठल्याही एक्स-रेत सापडत नाही. "मुलाखतीला माणूस आला की त्याचे दात आधी माझ्या नजरेत येतात. मी बघते, म्हणजे लोक माझेही बघतातच ना?"

मोबाइलमध्ये तिने एक चित्र आणलं होतं. तिच्याच फोटोवर कुठल्याशा ॲपने रेषा आखून दात सुवर्ण गुणोत्तरात बसवून दाखवले होते. त्या चित्राने तिची खात्री पक्की झाली होती. या गुणोत्तराची कहाणी थोडक्यात सांगून टाकते. समोरून दिसणाऱ्या दातांच्या रुंदीत 1.618 चं प्रमाण असावं, हा विचार 1970च्या दशकात लोम्बार्डी आणि लेव्हिन यांच्या लेखनातून पसरला. 1993 मध्ये प्रेस्टन यांनी प्रत्यक्ष माणसांच्या दातांचे साचे मोजले. वरचा मधला दात आणि त्याच्या शेजारचा दात यांच्यात हे प्रमाण त्यांना जेमतेम 17 टक्के साच्यांत सापडलं. सुंदर हसणाऱ्या बहुतेक माणसांच्या तोंडात जे मुळातच नसतं, त्याला मापदंड करून कुणाचं हसू नापास करणं मला पटत नाही. हे मी तिला तिथेच सांगितलं.

तपासणीत काय दिसलं

हिरड्या निरोगी, थोडासा टार्टर (दातांवर साचून कडक झालेला थर), चावा ठीक. वरची मधली रेषा चेहऱ्याच्या मध्यापासून 1.5 मिलिमीटर उजवीकडे. पूर्ण हसल्यावर दातांच्या वर दिसणारी हिरडी साधारण तेवढीच. रंगासाठी व्हिटाची शेड गाइड लावली. सोळा छटांची ही पट्टी 1956 पासून वापरात आहे. पटाशीचे दात ए-2, सुळे ए-3, म्हणजे जरा गडद. रंग मी नेहमी तपासणीच्या सुरुवातीलाच पाहते, कारण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसू लागतात. सुळे शेजारच्या दातांहून गडद असणं स्वाभाविक आहे. दाताचा पिवळेपणा आतल्या थराचा, डेंटिनचा असतो. सुळ्यात ते जाड असतं, आणि दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असल्यामुळे आतला रंग बाहेर झिरपतो. अशा सुळ्याला घाणेरडा दात म्हणणं सरळ चूक आहे.

आणि एक गोष्ट होती जी तिच्या यादीत नव्हती. वरच्या डाव्या पटाशीच्या दाताचा बाहेरचा कोपरा उडालेला होता. जुना टवका, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यामुळे त्या दाताची खालची कड तिरपी होऊन बाहेरच्या बाजूला जवळपास दीड मिलिमीटर वर गेली होती.

मी काही बोलायच्या आत बहीणच म्हणाली, "अगं, आणि तो टवका? शाळेत पडली होतीस तेव्हाचा."

"तो होय? ताई, तो तर कायमचाच आहे."

या उत्तरापाशी मी थबकले. जी गोष्ट रोज आरशात दिसते, ती दिसेनाशी होते.

आरसा आणि रेकॉर्डिंग

आपण स्वतःला ओळखतो ते आरशातून, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं. व्हिडिओ कॉल चालू असताना आपली स्वतःची चौकट बहुधा आरशासारखीच दाखवली जाते. रेकॉर्डिंग मात्र तसं नसतं. इतर लोक जसं बघतात तसं ते आपल्याला दाखवतं. चेहरा कुणाचाच तंतोतंत सममित नसतो, त्यामुळे उलटलेली प्रतिमा अनोळखी वाटते आणि अनोळखीपणाचा दोष जी खूण हाताशी येईल तिच्यावर जातो. 1977 मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट यांनी माणसांना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा. बहुतेकांना स्वतःचा आरशातला फोटो आवडला, आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटो. ज्याला जी बाजू बघायची सवय, त्याला ती बरी वाटते. एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा भाग अंतराचा. लॅपटॉपचा कॅमेरा जवळ असतो आणि जवळून टिपलेल्या चेहऱ्याचा मधला भाग फुगलेला दिसतो. 2018 मध्ये छापलेल्या एका गणिती मांडणीत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं असं निघालं. पुढचे दात नाकाखालीच असतात. त्यांच्यावरही हाच परिणाम कमीअधिक होणार.

मी तिचा फोटो पाच फुटांवरून काढला, बोलतानाचा व्हिडिओ घेतला आणि दोन्ही सरळ व उलटे शेजारी लावले. उलटा, म्हणजे आरशातला फोटो बघून ती म्हणाली, "ही मी." सरळ फोटो बघून म्हणाली, "आणि यात दात सरकलेत." फोटो एकच होता.

आधी विचारायचे प्रश्न

अशा रुग्णाला दात दाखवण्याआधी काही प्रश्न विचारायलाच हवेत, आणि ते टाळले जातात म्हणून इथे सांगते. दातांचा विचार दिवसातून किती वेळ मनात असतो? त्यापायी काय काय सोडून दिलंय? आरसा किती वेळा? आधी कुठे सौंदर्योपचार करून घेतलेत का, आणि त्यानंतरही असमाधान राहिलं का? स्वतःच्या शरीरातल्या अगदी बारीक किंवा नसलेल्या दोषाने माणूस पछाडला जातो, असा एक मानसिक आजार आहे. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात तो मंत्रचळाच्या आजारांच्या गटात येतो. रोजचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ या विचारात जात असेल, तर सावध व्हायचं. अशा माणसाचे दात बदलून त्याचं दुःख सहसा सुटत नाही. त्याला आधी मनोविकारतज्ज्ञाची मदत मिळायला हवी.

ती या गटात नव्हती. त्रास मीटिंगच्या दिवशी व्हायचा, सुट्टीत विसर पडायचा. झोप, घर, मैत्रिणी सगळं जागेवर. आधी कुठलाच उपचार नाही. हे प्रश्न का विचारतेय तेही मी तिला स्पष्ट सांगितलं. न सांगता विचारले असते तर तिला ती उलटतपासणी वाटली असती.

लोकांची नजर कुठे अडकते

या विषयावर सर्वात जास्त सांगितला जाणारा अभ्यास 1999चा, कोकिच, कियाक आणि शापिरो यांचा. हसऱ्या तोंडांच्या फोटोंत संगणकावर एकेक दोष थोडा थोडा वाढवत नेला आणि दात सरळ करणारे तज्ज्ञ, सर्वसाधारण दंतवैद्य आणि सामान्य माणसं अशा तिघांना दाखवला. मधली रेषा 4 मिलिमीटर सरकवल्यावर तज्ज्ञांना खटकली. बाकी दोन गटांना तेवढ्यावरही खटकली नाही. हिरडी दिसण्याबाबत तज्ज्ञ 2 मिलिमीटरवरच नाराज, तर सामान्य माणसं 4 वर. पण पटाशीचे दात तिरपे झाले की तिन्ही गटांना ते लवकर, 2 मिलिमीटरच्या फरकावरच जाणवलं.

सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांना वेगळं दिसलं. मधली रेषा 2 मिलिमीटर सरकली की निम्म्याहून थोड्या अधिक सामान्य माणसांनी गुण कमी दिले. फोटो कसा दाखवला, काय विचारलं, यावर उत्तर हलतं. तरी मला एक गोष्ट पक्की वाटते. सरळ उभी रेषा थोडी बाजूला गेली तर माणूस ती सहज पचवतो, तीच रेषा किंवा दातांची कड तिरकी झाली तर पचवत नाही. भिंतीवरची तसबीर हातभर डावीकडे टांगली तर पाहुण्याच्या लक्षात येत नाही, बोटभर कलली तर त्याचा हात आपोआप सरळ करायला जातो. 2006 मध्ये कोकिच यांच्याच गटाने पुढचा अभ्यास केला. दोष दोन्ही बाजूंना सारखा असेल त्यापेक्षा एकाच बाजूला असेल तर सामान्य माणसांनाही तो जास्त खुपतो, हा त्यातला निष्कर्ष तिच्या टवक्याला नेमका लागू होता.

म्हणजे कागदावर हिशोब असा झाला: मधली रेषा 1.5, उंबरठ्याच्या आत. हिरडी 1.5, आत. सुळे, नैसर्गिक. टवका, एकाच बाजूला, मधल्या दातावर, तिरपी कड. बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसलंच तर ते चौथं.

तिला हे आकडे पटले नाहीत. आकडे दुसऱ्यांच्या तोंडाचे होते, तिच्या नाही. म्हणून तिच्या लेखी संमतीने मी तिच्या फक्त ओठ-दातांचे पाच फोटो तयार केले. एक मूळचा, आणि बाकीच्या चारांत एकेकच बदल: रेषा मध्यावर आणलेली, सुळे उजळलेले, हिरडी झाकलेली, टवका भरलेला. दंतवैद्यकाशी संबंध नसलेल्या आणि तिला न ओळखणाऱ्या काही जणांना ते जोडीजोडीने दाखवले. दोनच प्रश्न: काय वेगळं वाटतं, कोणता जास्त आवडला.

मधल्या रेषेतला फरक कुणालाच सांगता आला नाही. हिरडी झाकलेला फोटो आवडला असं मोजक्यांनी म्हटलं, एका बाईंना उलट मूळचा जास्त प्रसन्न वाटला. सुळे उजळलेला फोटो बऱ्याच जणांनी निवडला, पण का ते सांगता येईना. "स्वच्छ वाटतो," एवढंच. टवका भरलेल्या जोडीत मात्र बोट थेट त्या दातावर गेलं.

याला संशोधन म्हणता येणार नाही. माणसं थोडी, प्रश्न मी निवडलेले. पण रुग्णाला हे कळणं फार मोलाचं असतं, कारण ही माणसं ना तिची नातलग, ना तिच्याकडून फी घेणारी.

नंतर त्याच लोकांना आवाज बंद करून तिच्या पूर्ण चेहऱ्याच्या दोन छोट्या चित्रफिती दाखवल्या. एकीत ओठ मिटून हसत कामाचं बोलणं, दुसरीत बहिणीशी मोकळ्या गप्पा. दात दोन्हींत तेच, टवक्यासकट. पहिलीबद्दल शब्द आले: "कडक", "मनाविरुद्ध बसलेल्या", "रागावल्यात का?" दुसरीबद्दल: "मोकळ्या", "हिच्याशी बोलता येईल." दातांचा उल्लेख कुणीच आपणहून केला नाही. 1862 मध्ये फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी लिहून ठेवलं होतं की ओठांचे कोपरे उचलणारा स्नायू इच्छेने चालवता येतो, पण खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचाही स्नायू येतो आणि तो सहज हुकमी येत नाही. ओठ दाबून धरणाऱ्या माणसाचं हसू डोळ्यांपर्यंत पोचण्याआधीच तुटतं. बघणाऱ्याला ते तुटलेपण जाणवतं. कारण मात्र त्याला माहीत नसतं, मग तो ते स्वभावाच्या खात्यावर जमा करतो.

आणि लोक मत बनवतात, त्याचं काय

"लोक बघत नाहीत" असं सांगून तिची बोळवण करणं सोपं होतं. ते खरं नव्हतं, म्हणून मी तसं केलं नाही.

1972 मध्ये डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी दाखवलं की देखण्या चेहऱ्याच्या माणसाला लोक चांगला स्वभाव आणि यशस्वी आयुष्यही बहाल करून टाकतात. 1981 मध्ये शॉ यांनी मुलांच्या फोटोंत फक्त दातांची ठेवण बदलली. नीट दात असलेली मुलं इतर मुलांना आणि मोठ्यांनाही मैत्री करण्यासारखी वाटली. तिच्या कामाशी थेट संबंध असलेला अभ्यास 2014चा, पिथोन आणि सहकाऱ्यांचा. नोकरीवर माणसं घेणाऱ्या 100 जणांना त्यांनी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, त्याच माणसाचे दात कधी नीट तर कधी बिघडलेले. नीट दातांचा माणूस त्यांना जास्त हुशार आणि नोकरी मिळण्याजोगा वाटला. प्रामाणिकपणा आणि कामाचा उरक याबाबत मात्र फरक दिसला नाही. अमेरिकेत ग्लीड आणि नायडेल यांनी 2010 मध्ये आणखी दूरची साखळी तपासली. लहानपणी फ्लोराइडयुक्त, म्हणजे दातांची कीड कमी करणारं, पाणी मिळालेल्या वस्तीत वाढलेल्या स्त्रियांची कमाई सुमारे 4 टक्के जास्त निघाली. पुरुषांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. दातांच्या रूपाची किंमत बायका जास्त मोजतात, असा त्याचा अर्थ मी लावते, आणि मला तो संतापजनक वाटतो. दवाखान्यात हसू बदलायला येणाऱ्या बाईला "उगाच मनाला लावून घेतेस" म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा.

तरी या अभ्यासांना एक मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे. फोटोंच्या अभ्यासांत बघणाऱ्यासमोर अनोळखी, न हलणारा, न बोलणारा चेहरा असतो. दुसरी काहीच माहिती नसताना माणूस मिळेल त्या खुणेवरून अंदाज बांधतो. शिवाय बदल बहुधा ठळक असतात: मोठी फट, वेडेवाकडे दात, किडलेला किंवा नसलेला दात. दीड मिलिमीटरच्या रेषेला हे निष्कर्ष चिकटवता येत नाहीत.

तिला सर्वात खोल लागला तो दातांचा नसलेलाच एक प्रयोग. 1980 मध्ये क्लेक आणि स्ट्रेंटा यांनी काही जणांच्या गालावर मेकअपने व्रण काढला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग व्रण पक्का करण्याच्या बहाण्याने मलम लावताना तो नकळत पुसून टाकला. ती माणसं अनोळखी व्यक्तीशी बोलून आली आणि म्हणाली, समोरच्याचं वागणं व्रणामुळे अवघडलेलं होतं. गालावर काहीच नव्हतं. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात एक जण माझ्या तोंडाकडे बघत राहिला होता. मी तेव्हा हात धरला होता तोंडावर." पुढचं तिने बोलायची गरज नव्हती.

निर्णय

व्हिनिअर ही वाईट गोष्ट नाही. योग्य दातावर ती उत्तम चालते. पण तिच्यासाठी बहुधा दाताचा पृष्ठभाग घासावा लागतो, आणि इनॅमल पुन्हा येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. 2002च्या एडेलहॉफ आणि सोरेनसेन यांच्या मोजणीत व्हिनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा 3 ते 30 टक्के हिस्सा जातो, पूर्ण कॅपसाठी 63 ते 72. चौतिसाव्या वर्षी बसवलेलं व्हिनिअर आयुष्यात एकदा तरी बदलावं लागणार, आणि दर बदलात थोडा दात जाणार. दहा निरोगी दातांवर हे करायला मी नकार दिला. त्याऐवजी स्वच्छता, घरी करायचं ब्लीचिंग, म्हणजे दात उजळवणं, आणि टवक्यावर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, असा प्रस्ताव ठेवला. यात दात कापला जात नाही. उद्या तिचं मत बदललं तर व्हिनिअरचा रस्ता खुला राहतो. उलटा रस्ता मात्र नसतो.

ती नाराज होऊन गेली. बहिणीने जिन्यातून मागे वळून "बघते मी" अशी मान हलवली.

परत आली ती स्वतःच एक गोष्ट करून. मुलाखतींची जुनी रेकॉर्डिंग, दात खटकायला लागण्याआधीची, आणि अलीकडची, दोन्ही तिने आवाज बंद करून पाहिली. "जुन्यात उमेदवार माझ्याकडे बघून हसतात. नव्यात कुणी हसत नाही. मी हसत नाही म्हणून." हे तिला मी सांगितलं असतं तर तिने मानलं नसतं.

उपचार

टार्टर काढला. 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, तिच्या दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये, रात्री. ही पद्धत हेवुड आणि हेमन यांनी 1989 मध्ये मांडली आणि तिच्यावर माझा आजही सर्वाधिक विश्वास आहे, कारण ती सावकाश चालते. पटाशीचे दात लवकर उजळले. सुळ्यांना जास्त रात्री लागल्या, तेव्हा जेल फक्त सुळ्यांच्या खाचांतच भरायला सांगितलं. मध्ये दात सळसळले, चार रात्री थांबलो.

ब्लीचिंगनंतर दोन आठवडे काही केलं नाही. दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे कॉम्पोझिट नीट चिकटत नाही, आणि रंगही तोवर स्थिरावत नाही. मग टवक्याची पाळी. आधी दातावर ॲसिड न लावता, नुसतंच कॉम्पोझिट बसवून कोपरा घडवला. न चिकटवल्यामुळे ते नखाने काढता येतं. या टप्प्यावर मी रुग्णाच्या हातात छोटा आरसा देत नाही. सहा इंचांवरून आपले दात आपल्याशिवाय कुणीच बघत नाही. तिचा बोलताना व्हिडिओ घेतला आणि पडद्यावर सरळ बाजूने दाखवला.

बघून ती म्हणाली, "मधली रेषा पण सरकवलीत का?"

रेषेला हात लावलेला नव्हता. माझा अंदाज असा: डावा दात तिरप्या कडेमुळे छोटा दिसायचा, दोन दातांचं वजन उजवीकडे झुकलेलं वाटायचं, आणि रेकॉर्डिंगमध्ये बाजू उलटल्यावर तिला त्या झुकण्याची जाणीव झाली. कारण शोधताना टवका सवयीने अदृश्य, म्हणून दोष रेषेवर गेला. हे सिद्ध करता येणार नाही. पण कोपरा भरल्यावर रेषेची तक्रार तिने पुन्हा केली नाही.

मग रीतसर ॲसिडने इनॅमल खरखरीत करून कॉम्पोझिट थरांत भरलं, कडेला थोडी पारदर्शक छटा ठेवली. पूर्ण अपारदर्शक पांढरी कड लांबून खोटी दिसते. हिरडीला काहीच केलं नाही. विग आणि ब्रुंडो यांच्या 1978च्या मोजमापांत वयाबरोबर वरचे दात ओठाखाली कमी कमी दिसत जातात आणि खालचे जास्त. आज दिसणारी दीड मिलिमीटर हिरडी तरुण हास्याचीच खूण आहे. शस्त्रक्रियेने ती झाकली असती तर पुढे वय वाढताना वरचे दातच दिसेनासे होण्याची घाई केल्यासारखं झालं असतं.

ओठ दाबायची सवय जायला दातांपेक्षा जास्त वेळ लागला. त्यासाठी कुठलाही व्यायाम दिला नाही. कॅमेरा चालू ठेवायचा आणि स्वतःची चौकट झाकून ठेवायची, एवढंच ठरलं. ते तिला सर्वात जड गेलं.

कामातला एक बदल तिने न सांगता केला. मुलाखतीच्या तक्त्यात "छाप" असा एक रकाना असतो, तो ती आधी माणूस आत येताच भरायची. पिथोन यांच्या अभ्यासाबद्दल ऐकल्यावर तो सगळे प्रश्न संपल्यानंतर भरायला लागली. कधीकधी मनातला आकडा बदलतो, असं तिने सांगितलं.

पुढची भेट

वर्षभरानंतर कॉम्पोझिटच्या कडेची चकाकी थोडी उतरली होती, पॉलिश करून आली. दाताने दोरा तोडू नका, नखं खाऊ नका, हे पुन्हा बजावलं. पटाशीच्या दातांचा रंग टिकून आहे, सुळे किंचित मागे गेलेत. ट्रे तिच्याकडे आहेतच, अधूनमधून दोन-तीन रात्री जेल लावायला हरकत नाही.

तिला मात्र सुळे पटाशीच्या दातांइतकेच पांढरे हवे आहेत. मला ते नको वाटतं. सगळे दात एका छटेचे झाले की हास्यातली खोली जाते, आणि सळसळही वाढेल. ती म्हणते, निवड करणाऱ्या लोकांनी उजळ सुळ्यांचाच फोटो निवडला होता, मग? मुद्दा बिनतोड आहे. सहा महिन्यांनी त्याच शेड गाइडने, त्याच प्रकाशात पुन्हा रंग बघायचा आणि मग ठरवायचं, असं आमचं ठरलं आहे.